तीन खरेदीखतांचं घर

सरांनी घर घेतलं तेव्हा त्यांच्या हातात एक किल्ली आणि तीन खरेदीखतं पडली. किल्ली पहिल्याच झटक्यात फिरली. खरेदीखतांनी मात्र सरांनाच असं फिरवलं की हा माणूस पुढे घराबद्दल कुणी अभिनंदन केलं तरी दचकायचा.

त्याचं असं होतं की घर जमिनीच्या तीन तुकड्यांवर उभं होतं. जुन्या मालकाने जसे पैसे हातात आले तशी जमीन घेतली आणि जशी जमीन घेतली तसं बांधत मागे सरकत गेला. पुढच्या तुकड्यावर फाटक आणि अंगण. मधल्यावर हॉल आणि झोपायची खोली. मागच्यावर स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. बाहेरून बघणाऱ्याला ते एक छान बैठं घर दिसे. कागदावर मात्र ते रांगेत उभ्या असलेल्या तीन अनोळखी माणसांसारखं होतं.

खरेदीच्या वेळी दलाल म्हणाला, "सर, तुकडे तीन, तुम्ही घरात तिघं. बायकांच्या नावावर घेतलं की सवलत मिळते. हसत हसत काम होतं." मग मधला तुकडा सरांच्या बायकोच्या नावावर झाला. ती इस्पितळात परिचारिका होती. वॉर्डात तिला सिस्टर म्हणत आणि वॉर्डाबाहेरही तिचं दुसरं नाव कुणाला आठवत नसे. मागचा तुकडा आईच्या नावावर झाला, कारण आईने आपली जुनी खोली विकून आलेलं सगळं या घरात ओतलं होतं. पुढचा तुकडा सरांच्या नावावर. म्हणजे कायद्याने पाहिलं तर सर अंगणात राहत होते. तेव्हा याच्यावर तिघं पोटभर हसले होते. ते शेवटचं एकत्र हसणं ठरलं, पण हे त्या वेळी कुणाला ठाऊक असणार?

सर शाळेत भूगोल शिकवत. फळ्यावर हात न थांबवता जगाचा नकाशा काढत आणि "हद्द म्हणजे काय?" या प्रश्नावर अख्खा तास घेत. अशा माणसाने घर घेताना नकाशा उलगडूनही पाहिला नाही, यात नवल काही नाही. डॉक्टरलाही आपला खोकला ऐकू येत नाही.

राहायला आल्यावर स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं. गवंडी आला, शिडीवर चढला, वर बोट रुतवून खाली उतरला आणि म्हणाला, "ठिगळ लावून उपयोग नाही. सगळ्या घरावर नवीन स्लॅब टाका." स्लॅबला परवानगी लागते. परवानगीला सर नगरपालिकेत गेले. तिथल्या अभियंत्याने तिन्ही कागद टेबलावर पसरले आणि पत्ते लावून बघावेत तसे बघितले.

"हे घर नाहीच," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ही तीन घरं आहेत. एकमेकांना चिकटलेली. प्रत्येक जागेच्या हद्दीपासून आत मोकळी जागा सोडावी लागते. म्हणजे हॉल संपला की मोकळी जागा, मग परत मोकळी जागा, मग तुमचं स्वयंपाकघर."

"आणि जेवणाची ताटं कशी आणायची?"

"पाऊस असेल तर छत्री घेऊन," अभियंता म्हणाला. सर हसले. अभियंता हसला नाही. तो विनोद करत नव्हता, नियम सांगत होता. "आधी एकत्रीकरण करून या. तीन तुकड्यांचा एक तुकडा. मग परवानगीचं बघू."

एकत्रीकरणाचं काम भूमी अभिलेख कार्यालयात होत असे. त्या कार्यालयात जाण्याआधी सरांना वाटत होतं की सरकारी खुर्च्या फक्त गोष्टींतच मोडक्या असतात. तिथे बाकावर बसले तेव्हा बाकाची एक फळी त्यांच्याबरोबर खाली गेली. खिडकीतल्या कारकुनाचा चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता आणि तो कागद आला की चष्मा चढवी, माणूस आला की काढी.

"मालक कोण?" त्याने विचारलं.

"मी."

"तिन्ही तुकड्यांचे?"

"तसं पाहिलं तर..."

"तसं आम्ही पाहत नाही. कागद पाहतो." त्याने चष्मा चढवला. "तीन मालक आहेत. एकत्र करायचं तर तिन्हीकडे मालकी सारखी पाहिजे. एक तर सगळं एका नावावर आणा, नाही तर तिघांची नावं तिन्ही तुकड्यांवर चढवा. दोन्ही चालतं. मोजणी करून घ्या. मग या."

सर बाहेर पडले. तिघांची नावं तिन्ही तुकड्यांवर, हे त्यांना ऐकूनच गर्दीचं वाटलं. घराला एक पाटी असते, पाटीवर एक नाव असतं. बसथांब्यापर्यंत पोचेतो कारकुनाच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्यांच्या डोक्यातून गेला होता. तो विसरला गेला असं म्हणणं म्हणजे सरांवर उपकार करणं होईल. तो त्यांनी वाटेत ठेवून दिला.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला. वर्गात धडा संपल्यावर "आता वह्या काढा" म्हणावं तितक्या सहज ते म्हणाले, "तुम्हा दोघींच्या सह्या लागतील. तुमचे तुकडे माझ्या नावावर करायचे आहेत."

सिस्टरचा हात ताटातच थांबला. "तुमच्या का?"

"म्हणजे काय, का? एकाच्या नावावर करावे लागतात. कायदाच आहे तसा."

"मग माझ्या करा. तीनपैकी सगळ्यात मोठा तुकडा माझा आहे. तुम्ही तुमचं अंगण माझ्या नावावर करा, आई स्वयंपाकघर करतील. एकच सही कमी-जास्त."

सरांना हा मुद्दा चुकीचा आहे हे लगेच कळलं, पण कुठे चुकतोय ते कळेना. त्यांनी आईकडे पाहिलं. मुलगा अशा वेळी आईकडेच पाहतो.

"माझ्याकडे बघू नकोस," आई म्हणाली. "मी स्वयंपाकघर देणार नाही."

"आई, अगं, देणार नाहीस म्हणजे? घर तर आपलंच आहे."

"आपलंच होतं सगळं. माझ्या वडिलांचं घर आपलंच होतं, ते भावाला गेलं. तुझ्या वडिलांचं आपलंच होतं, ते तुझ्या काकाला गेलं. मी ती एक खोली घेतली, ती विकून तुझ्या हातात दिली. आता या वयात माझ्या नावावर एक ओटा आणि एक गळकं छत आहे. असू दे."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. सर तरी बोलले. त्यांनी कुटुंब म्हणजे काय यावर थोडंसं सांगितलं. सिस्टर उठून ताट घासायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून घरात हद्दी दिसू लागल्या. सर सकाळी चपला घालून स्वयंपाकघरात गेले तर आई म्हणाली, "माझ्या जागेत चपला नकोत." हे ती आधीही म्हणत असे, पण 'घरात' म्हणत असे. रात्री सर खोलीतला दिवा बराच वेळ चालू ठेवून उत्तरपत्रिका तपासत बसले तर सिस्टर कूस बदलून म्हणाली, "तुमच्या अंगणात बसून तपासा ना." सर खरोखर उठून अंगणात गेले. डास फार होते. मुलांना त्या दिवशी गुण कमी पडले.

समोर राहणारे मीटरकाका हे वीज कंपनीतून निवृत्त झालेले मीटरवाचक. निवृत्तीनंतरही कुणाच्याही दारात उभे राहिले की त्यांची नजर आधी मीटरवर जाई, मग माणसावर. त्यांनी सरांना अंगणात बसलेलं पाहिलं आणि कुंपणाशी आले.

"वहिनी काय म्हणतात?"

"काही नाही."

"मग प्रकरण गंभीर आहे," मीटरकाका म्हणाले. "तुम्ही एक करा. आधी आईंना गाठा. आई शेवटी आई असते. त्यांच्याकडून बक्षीसपत्र करून घ्या. दोन तुकडे तुमचे झाले की वहिनी एकट्या पडतील. एकटा माणूस सही करतो."

हा सल्ला ऐकायला लढाईतल्यासारखा होता आणि सरांना तो आवडला. शिक्षकांच्या खोलीत आणखी सल्ले मिळाले. गणिताचे सर म्हणाले, क्षेत्रफळाच्या प्रमाणात मालकी वाटा, म्हणजे कुणाला बोलायला जागा उरणार नाही. खेळाचे सर म्हणाले, दम द्या. त्यांच्या गालावर त्या दिवशी ओरखडा होता, त्यामुळे या सल्ल्याचा अनुभव त्यांनी घेतलेला असावा. मुख्याध्यापकांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की त्यांचं स्वतःचं घर सासऱ्यांच्या नावावर आहे आणि सासरे ठणठणीत आहेत.

सरांनी आईला गाठायचं ठरवलं. रविवारी सकाळी ते बाह्या सारून स्वयंपाकघरात शिरले आणि भांडी घासायला लागले. आई स्टुलावर बसून बघत राहिली. एक पातेलं झालं, कढई झाली. सरांनी घाम पुसला आणि सहज काढल्यासारखा विषय काढला.

आई म्हणाली, "भांडी घासून स्वयंपाकघर नावावर होत असतं तर आजवर माझ्या नावावर चार असती. कढईच्या बुडाला राहिलंय बघ."

सरांनी कढई परत घेतली. मग मोजणीचा दिवस उजाडला. मोजणीवाला तिपाईवर यंत्र लावून अंगणात उभा राहिला आणि गल्लीतली माणसं कुंपणाला लोंबकळली. सरांना बऱ्याच दिवसांनी श्रोते मिळाले. त्यांनी मीटरकाकांना प्रमाण म्हणजे काय ते सांगितलं, दिशा सांगितल्या, जुन्या काळी जमीन साखळीने कशी मोजत तेही सांगितलं. मोजणीवाला यंत्रातून डोळा न काढता सरांना म्हणाला, "काका, जरा सरकता का? तुम्ही खुणेवर उभे आहात."

सर सरकले.

"अजून थोडं."

सर आणखी सरकले. असे सरकत सरकत ते फाटकाबाहेर रस्त्यावर गेले आणि मग मोजणीवाला म्हणाला, "हां. आता बरोबर. तुम्ही आत्ता जिथे उभे होतात ना, तो रस्ता आहे."

"मी अंगणात होतो."

"दिसायला अंगण आहे. कागदाला रस्ता आहे. रुंदीकरणात कधीच गेलंय. रस्ता रुंद केला नाही, तेवढंच." त्याने घराच्या पायरीपासून चुन्याची एक रेघ मारली. पायरी आणि रेघ यांच्यात एक खाट जेमतेम मावली असती, तीही आडवी. "एवढं तुमचं."

कुंपणावरची माणसं एकदम बोलू लागली. सरांनी तिथूनच जुन्या मालकाला फोन लावला. तो मुलाकडे राहायला गेला होता आणि मजेत होता. "सर, मी तुम्हाला अंगण दाखवलं होतं," तो म्हणाला, "दाखवलेलं सगळं विकलेलं नसतं. खरेदीखत वाचा, क्षेत्र बरोबर लिहिलंय." सरांनी खरेदीखत काढलं. क्षेत्र बरोबर लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी सिस्टर कामावरून आली, चुन्याच्या रेघेपाशी थांबली आणि तिने रेघ ओलांडली. आत येऊन पाणी प्यायली. सरांना वाटलं ती हसेल. हसली असती तर बरं झालं असतं.

"आता तरी कळलं ना," ती म्हणाली, "कुणाच्या नावावर करायचं ते?"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे," सर म्हणाले.

"कुठलं तत्त्व?"

"लोक काय म्हणतील? घराबाहेर पाटी कुणाची आहे?"

"पाटी तुमची आहे. गॅस तुमच्या नावावर, फोन तुमच्या नावावर. वॉर्डात मी सिस्टर, घरी सरांची बायको. माझं नाव पूर्ण लिहिलेला कागद म्हणजे तो एक. तोसुद्धा दलालाने सवलतीसाठी केलेला. तो मी देणार नाही. आणि याच्यावर मी परत बोलणार नाही."

ती परत बोलली नाही. बोलणं थांबलं तरी छत गळतच होतं. आई ओट्यावर पातेलं ठेवून स्वयंपाक करी आणि पातेल्यात पडणाऱ्या थेंबांच्या आवाजात तिघं जेवत. सर मनात म्हणत, थकतील. दोघी थकतील आणि येतील. वर्गात पोरं अशीच येतात. नुसतं फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं, मागे आपोआप शांतता होते. शांतता झाली होती खरी. आई आणि सिस्टर संध्याकाळी स्वयंपाकघरात काही तरी हळू आवाजात बोलत आणि सर आले की थांबत. याचा अर्थ दोघी नरमल्या, असा सरांनी लावला.

म्हणून एके दिवशी सिस्टर म्हणाली, "उद्या अर्धी रजा टाका. भूमी अभिलेखमध्ये यायचंय. तुमची एक सही हवी आहे," तेव्हा सरांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वरकरणी ते फक्त "बरं" म्हणाले. जिंकलेल्याने उतू नये हे त्यांना कळत होतं. सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. नवं पेन घेतलं. शाळेत रजेचा अर्ज देताना मुख्याध्यापकांना कारण सांगितलं, आणि मुख्याध्यापकांनी उठून हात मिळवला. निघताना मीटरकाका कुंपणाशी होतेच. "शेवटी आल्या ना सहीला?" त्यांनी विचारलं. सरांनी नुसती मान हलवली, पण अशी हलवली की मीटरकाकांनी दोन्ही हात जोडले.

कार्यालयात सर पुढे झाले आणि खिडकीसमोरच्या एकुलत्या एका धड खुर्चीवर बसले. आई पर्स मांडीवर घेऊन बाकावर टेकली. सिस्टर भिंतीपाशी उभी राहिली.

कारकुनाने चष्मा चढवला. "एकत्रीकरण झालंय. मधला आणि मागचा, दोन्हीचा एक तुकडा. नवा नकाशा तयार आहे."

"आणि पुढचा?" सर म्हणाले.

"पुढचा यात नाही."

"पण ते माझ्या नावावर व्हायचं होतं."

"कोण म्हणालं?" कारकुनाने कागद उलटे करून पाहिले. "दोन्ही बायांनी एकमेकींना अर्धा अर्धा हिस्सा दिलाय. दोघींची नावं दोन्हीकडे. मालकी सारखी झाली, एकत्र केलं. एका दुपारचं काम. मी तुम्हाला सांगितलं होतं ना तेव्हा? तिघांची नावं तिन्हीवर, तेही चालतं म्हणून?"

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. पण सिस्टर त्यांच्याकडे पाहते आहे हे त्यांना मानेवर कळलं. ती हे आत्ता पहिल्यांदा ऐकत नव्हती. तिला हे आधीच इथे, याच खिडकीवर कळलं होतं, आणि त्या दिवसापासून ती घरात त्यांना जेवण वाढत होती.

"मग माझी सही कशाला?"

"बांधकाम परवानगीसाठी. लगतच्या जमीनधारकाची हरकत नाही असं लागतं. पुढची पट्टी तुमची आहे." कारकुनाने कागद पुढे सरकवला. "हरकत असेल तर तसंही लिहू शकता. मग परवानगी थांबेल."

सरांना एक क्षण, अगदी एकच क्षण, वाटलं की लिहावी हरकत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना इतक्या सभ्यपणे काहीतरी थांबवण्याचा अधिकार देत होतं.

"कर रे सही," बाकावरून आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "छत गळतंय."

सरांनी नवं पेन काढलं. सही केली. सहीखाली एक रकाना होता, अर्जदारांशी संबंध. सरांनी लिहिलं, 'मुलगा व पती'.

कारकुनाने ते वाचलं आणि त्यावर काट मारली. "घरचं नातं नाही विचारलेलं. जमिनीचं लिहा."

"काय लिहू?"

"जे आहे ते."

खिडकीमागे रांग वाढली होती. कुणीतरी खाकरलं. सरांनी रकान्यात, वर्गात फळ्यावर काढायचे त्या वळणदार अक्षरात, 'शेजारी' असं लिहिलं आणि कागद परत दिला. कारकुनाने शिक्का मारून चष्मा काढला.

परतीच्या बसमध्ये दोन जागा मिळाल्या. दोघी बसल्या, सर दांडी धरून उभे राहिले. कितीतरी थांबे गेले. मग सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिसरं नाव घालायला मी तयार होते. आईंनाही विचारलं होतं, त्याही हो म्हणाल्या होत्या. तुम्ही नुसतं एकदा आम्हाला विचारायला हवं होतं. आम्ही किती दिवस थांबलो."

सरांनी उत्तर जुळवायला सुरुवात केली. मी मुद्दाम लपवलं नाही, असं म्हणावं, तर ते पुरतं खरं नव्हतं. मला वाईट वाटतं म्हणावं, तर बस भरलेली होती. खरं होतं ते एवढंच की दोघींना विचारायचं असतं, ही गोष्टच त्यांना कधी सुचली नव्हती. त्या दिवशी नाही आणि त्याआधीही नाही. हे सांगितलं असतं तर निदान एक खरं बोलणं झालं असतं. पण बायकोला आणि आईला, भर बसमध्ये, दांडीला लोंबकळत हे कसं सांगायचं ते भूगोलात कुठे दिलेलं नव्हतं.

"पुढच्या थांब्याला उतरायचं," आई म्हणाली. दोघी उठल्या. सिस्टरने आईचा हात धरला आणि सरांना म्हणाली, "जरा वाट द्या."

सर बाजूला झाले.